गव्हाच्या काडीतील हिवाळा

कॅनडा देशाच्या पश्चिम भागात अल्बर्टा नावाचा प्रांत आहे. दृष्टी पोहोचेल तेथवर सपाट माळ आणि त्या माळावर गव्हाची शेते, असे तेथील दृश्य असते. शरद ऋतूत पीक कापून नेले, की शेतात केवळ धसकटे उभी राहतात. मग हिवाळा येतो. तो आपल्याकडील हिवाळ्यासारखा नव्हे. तेथे पारा शून्याखाली तीस अंश उतरणे ही नवलाची गोष्ट नाही. क्वचित तो चाळीस अंशही उतरतो. माणसे घराबाहेर पडेनाशी होतात. अशा वेळी एखादे धसकट उभे चिरून पाहिले, तर त्याच्या पोकळीत पातळ रेशमी कोश आढळण्याचा संभव असतो. त्या कोशात एक इवलीशी अळी निपचित पडलेली असते. ती मेलेली नसते. वसंतात ती कूस बदलते, आणि पुढे तिची पंख असलेली माशी होते.

ही अळी एका परोपजीवी गांधीलमाशीची होय. गांधीलमाशी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती वळचणीला पोळे बांधणारी, पिवळ्या अंगाची आणि झोंबरा दंश करणारी माशी. परंतु तिच्या गोत्रातील बहुसंख्य जाती पोळे बांधीत नाहीत, आणि माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. त्या आपली अंडी दुसऱ्या कीटकाच्या अंगावर अथवा अंगात घालतात. अंड्यातून निघालेली पिले त्या कीटकालाच खाऊन वाढतात. रीत क्रूर खरी. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर तिच्याइतकी उपकारक रीत दुसरी नाही.

गव्हाच्या काडीतील या माशीचे शास्त्रीय नाव ब्रॅकॉन सेफी असे आहे. तिचे भक्ष्य म्हणजे गव्हाची करवतमाशी. करवतमाशीची मादी गव्हाच्या काडीला चीर पाडून आत अंडे घालते. तिची अळी पेरामागून पेर पोखरीत खाली येते, आणि पीक पिकू लागले, की जमिनीलगत काडीला आतून गोल खाच पाडते. मग ती त्या बुंध्याचे तोंड भुशाने बंद करून आत स्वस्थ झोपी जाते. वाऱ्याची झुळूक येताच कणसासह ताट आडवे होते, आणि हातातोंडाशी आलेले पीक मातीला मिळते. ब्रॅकॉनची मादी ही खाच पडण्यापूर्वीच अळीला गाठते. बाहेरून काडीत नांगी खुपसून ती अळीला दंश करते व लुळी करून टाकते, आणि तिच्याजवळ अंडे घालते. थोड्याच दिवसांत पिलू त्या अळीचा फडशा पाडते.

येथेच एक विलक्षण गोष्ट घडते. करवतमाशीची अळी जिवंत राहिली असती, तर तिने मातीत, बर्फाच्या दुलईखाली हिवाळा काढला असता. परंतु तिला खाणारे पिलू काडीतच वर राहते. त्याच्या आणि बोचऱ्या वाऱ्याच्या मध्ये असते ती गव्हाच्या काडीची पातळ भिंत. त्यातच त्या प्रदेशात चिनूक नावाचा उष्ण वारा भर हिवाळ्यात अकस्मात येतो व काही तासांतच बर्फ वितळवून टाकतो. मग थंडी परतते तेव्हा धसकट उघडे पडलेले असते. भक्ष्य उबेत आणि भक्षक उघड्यावर, असा हा उलटा न्याय आहे!

मग ही अळी गोठून का मरत नाही? तिच्या शरीरातही पाणीच असते, आणि पाणी शून्य अंशाला गोठते, हे तुम्ही शिकला आहात. पेशींत बर्फाचे स्फटिक झाले, तर मृत्यू ठरलेलाच.

हे कोडे सोडविण्याच्या कामी अल्बर्टातील लेथब्रिज येथे काम करणाऱ्या आर. डब्ल्यू. सॉल्ट या शास्त्रज्ञाने मोलाची भर घातली. त्यांचा निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. सॉल्ट या आडनावाचा अर्थ मीठ, हाही एक मौजेचा योग. कारण कुल्फी करताना बर्फात मीठ का घालतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या कोड्याचा अर्धा उलगडा झालाच म्हणून समजावे. पाण्यात काही विरघळले, की ते पाणी शून्य अंशाला गोठत नाही. त्याहून अधिक थंडी लागते. अळीच्या शरीरात मात्र मीठ नसते, ग्लिसरीन असते. थंडीत ओठ फुटले म्हणजे आपण जे लावतो, तेच हे ग्लिसरीन. हिवाळा जवळ येऊ लागला, की अळी आपल्या शरीरातील साठ्यापासून ते तयार करू लागते. ऐन हिवाळ्यात ते इतके साठते, की शरीराच्या वजनाचा जवळजवळ पाव हिस्सा ग्लिसरीनचाच असतो.

तेवढ्याने शरीरातील द्रवाचा गोठणबिंदू उणे १७ अंशांच्या आसपास येतो. पण बाहेर तर उणे तीस! उलगड्याचा दुसरा अर्धा भाग येथे आहे. दुधाचे दही व्हायला जसे विरजण लागते, तसे पाण्याचे बर्फ व्हायलाही एखादा सूक्ष्म कण लागतो, ज्याभोवती पहिला स्फटिक जमेल. असा कण मिळाला नाही, तर द्रव गोठणबिंदूच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहतो. म्हणूनच अनेक कीटक हिवाळ्यापूर्वी खाणे थांबवून पोट रिकामे करतात. अन्नाबरोबर असे कण पोटात गेलेले असतात. ग्लिसरीनने भरलेल्या ब्रॅकॉनच्या काही अळ्या उणे ४७ अंशांपर्यंत न गोठता राहिल्या, असे सॉल्ट यांस आढळले. अर्थात ही अवस्था तारेवरच्या कसरतीसारखी असते. थंडी जितकी दीर्घकाळ टिकेल, तितकी पहिला स्फटिक जमण्याची भीती वाढते. आणि तो जमला, की क्षणात सर्व शरीर गोठते. वसंतात ऊब आली, की ग्लिसरीनही ओसरते.

थंडीवर असा उपाय सापडला. उष्णतेवर मात्र तितका सोपा उपाय नाही. अमेरिकेत तंबाखूच्या पानांवर एक मोठी हिरवी अळी असते. कोटेशिया नावाची परोपजीवी माशी तिच्या शरीरात अंडी घालते. कडक उन्हाळ्याची लाट आली, तर आतील पिले मरतात, पण अळी वाचते; कारण यजमानाला जी उष्णता सोसते, ती पाहुण्यांना सोसत नाही. परंतु अळीचाही लाभ होत नाही. ती नुसती खात आणि फुगत राहते, तिचा कोश होत नाही, आणि अखेर तीही मरते. शेतकऱ्याच्या पानांचा मात्र अधिकच नाश होतो. हवामान तापत असलेल्या या काळात शास्त्रज्ञांना या गोष्टीची चिंता वाटते, ती उगीच नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातही उसावरील खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा नावाच्या, एक मिलिमीटरही न भरणाऱ्या परोपजीवी माशा शेतात सोडतात. त्यांची पिले ज्यांत वाढत असतात अशी पतंगाची अंडी ज्यावर चिकटवलेली असतात ती ट्रायकोकार्डे शेतकरी थंड जागी ठेवतो, आणि सकाळी अथवा सायंकाळी ऊन नसताना पानांना बांधतो. भर दुपारी बांधली, तर कार्डावरचा जीव पान गाठण्यापूर्वीच करपून जाईल.

तिकडे अल्बर्टातील शेतकऱ्यासमोर प्रश्न निराळा असतो. काडी अगदी खालून कापली, तर तिच्यातील कोशही कापला अथवा चिरडला जातो. म्हणून तेथील जाणते शेतकरी यंत्राचे पाते थोडे वर ठेवतात, आणि धसकटे उंच राखून बर्फाची वाट पाहतात.