पाटीवर फाइन डाइन

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात ‘फाइन डाइन’ ही पाटी कुठल्याही एसी हॉटेलवर दिसते. मंद दिवे, कापडी नॅपकिन आणि जाडजूड मेनूकार्ड, झालं फाइन डाइन.

आईची पंचाहत्तरी आम्ही कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या अशाच एका हॉटेलात केली. फोनवर सगळ्याला ‘हो जाएगा सर’ होतं. टेबल निघालं पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नव्हती. आई कठड्याला धरून पायरीपायरीवर थांबत चढली. मागे मामा, तिच्याहून थोरले. वर शनिवारचं लाइव्ह म्युझिक जोरात सुरू होतं. आईने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि पुढे नुसती सगळ्यांकडे बघून हसत राहिली. स्टार्टरची वाट बघून पोरं कंटाळली, आणि मग भाज्या, रोट्या, पुलाव एकदमच आदळले. मामांची पहिली रोटी संपायच्या आत कॅप्टन गोडाची ऑर्डर विचारायला हजर. चव? बरी होती. पण पंचाहत्तरी काही पनीरची नव्हती.

म्हणून सांगते, ज्या वारी आणि ज्या वेळी जेवायला जायचं, त्याच वारी त्याच वेळी आधी एकदा चक्कर मारून या. मंगळवारी दुपारी कुठलंही हॉटेल शांतच असतं. नुसतं सूप मागवा आणि बसून बघा: स्पीकर कुठे आहे, शेजारच्या टेबलावर ताटं कशी येताहेत, टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का. म्हाताऱ्या माणसाला हात असलेली खुर्ची लागते. सोफ्यातून उठवायला दोघं लागतात.

येण्याजाण्याचंही बघा. रविवारी मेगाब्लॉक असला की संध्याकाळपर्यंत लोकल रडतखडत चालतात. ‘मोठ्या’ हॉटेलसाठी ठाण्या-नवी मुंबईकडे निघालात, तर काटई नाका आणि शिळफाट्याची कोंडी निम्मी भूक मारते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी बारवी धरणाच्या रस्त्यावर तेच. महाशिवरात्रीला अंबरनाथ पूर्वेचा नादच सोडा. १०६० सालच्या त्या शिवमंदिराला तेव्हा तोबा गर्दी असते.

आता बिल. आमच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता, वर त्यावरही जीएसटी. ‘मॅडम, वो सिस्टीम में ही है,’ कॅप्टन म्हणाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की हा चार्ज हॉटेलने आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही घ्यायचा नाही. द्यायचा की नाही ते गिऱ्हाईक ठरवणार. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मॅनेजरला हे आवाज न चढवता सांगितल्यावर तो चार्ज ‘सिस्टीम’मधून लगेच निघाला. निघालाच नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. टीप द्यायचीच तर वाढणाऱ्याच्या हातात द्या. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावलं म्हणून मात्र भांडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हॉटेलांना ती मुभा दिलेली आहे. साधं पाणी मागा.

आणि समारंभाला फाइन डाइनच हवं असं कुठे आहे? उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या सिंधी घरांत रविवारी कढी-भात होतो, तो खाऊन बघा. तसं जेवण सांगून करून घ्यावं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पंगत मांडावी, असं माझं मत. घरच्या पोरांनी बाहेरच जायचं ठरवलं असेल, तर टेबल कुठल्या मजल्यावर, म्युझिक कधी, सर्व्हिस चार्ज आहे का, बाहेरचा केक चालतो का, एवढी उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी मागा. ती येईपर्यंत अॅडव्हान्स देऊ नका.