विदूषक माशाची जोडी व समुद्रफुलाची निवड

पाल येथील जगदीशचंद्र बोस मत्स्यालय किंवा २००३ सालचा ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट पाहून आलेली मुले घरी एकच हट्ट धरतात : नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो मासा आपल्याकडे हवा. हा विदूषक मासा होय. मग आईवडील काचेची टाकी, माशांची जोडी व तिला राहावयास एक समुद्रफूल (दुकानदार यास ॲनिमोन म्हणतात) असे सारे एकाच दिवशी घेऊन येतात. आम्हीही प्रथम तसेच केले. आणलेले समुद्रफूल पांढरेशुभ्र होते व आम्हांस ते फार सुंदर वाटले. नवव्या दिवशी ते कुजून विरघळले आणि सकाळपर्यंत दोन्ही मासे मेले. तो पांढरा रंग सौंदर्याचा नसून उपासमारीचा होता, हे आम्हांस मागाहून समजले. ट्रस्टच्या इतर कुटुंबांवर तो प्रसंग येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पाण्याचा विचार करू. डुमसचे पाणी आणून चालत नाही. ते गाळाने गढूळ असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. म्हणून आर.ओ. यंत्राचे पाणी घेऊन त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिसळावे. स्वयंपाकाचे वा मिठागराचे मीठ उपयोगी नाही. टाकी निदान शंभर लिटरची असावी. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. त्याचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासा आणू नये. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून घटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरून काढावे. सुरतेच्या उन्हाळ्यात टाकीवर लहान पंखा लावल्यास पाणी काही अंश थंड राहते. ते २५ ते २७ अंश असावे.

आता जोडी. दुकानात ‘नर कोणता, मादी कोणती’ असे विचारण्यात अर्थ नाही. या माशांत कोणीही जन्मतः मादी नसते. एकत्र कुटुंबात जसा वडीलकीचा क्रम असतो, तसा यांच्यात आकाराचा असतो. सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर, आणि बाकीचे लहानच राहतात. मादी मेली तर नरच मादी बनतो व खालचा मासा नराची जागा घेतो. हान्स व सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली हे शास्त्रीय निबंधात मांडले. एकदा मादी झालेला मासा मात्र पुन्हा नर होत नाही. म्हणून एकाच जातीची दोन लहान पिले घ्यावीत, एक किंचित मोठे व एक धाकटे. धाकटे पिलू मोठ्यापुढे अंग तिरपे करून थरथरू लागले, की त्याने वडीलकी मानली असे समजावे. पर फाटेपर्यंत भांडण चालले तर दोघांस वेगळे करावे. दोन मोठ्या माद्या एकत्र ठेवल्यास एकीचा जीव जातो. तिसरा मासाही लहान टाकीत नको.

पिले समुद्रातून पकडलेली न घेता पैदास केलेली घ्यावीत. मंडपम येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात विदूषक माशांची पैदास यशस्वी झालेली आहे. असे मासे टाकीतील खाण्यास सरावलेले असतात.

राहिले समुद्रफूल. हे फूल नव्हे, प्राणी आहे. विदूषक माशांस आश्रय देणाऱ्या त्याच्या सुमारे दहा जातीच आहेत, आणि प्रत्येक माशाची आवड निराळी. सेबे हा मासा निसर्गात हॅडोनी नावाच्या गालिच्यासारख्या समुद्रफुलात राहतो, तर क्लार्की जवळजवळ सर्वांत राहतो. ऑसेलारिस या नेहमीच्या नारिंगी माशाची नैसर्गिक घरे मोठी होतात व घरच्या टाकीत टिकवणे कठीण जाते. घरासाठी त्यातल्या त्यात सोशिक म्हणजे बुडबुड्यांसारखी टोके असलेले ‘बबल टिप’. ते टाकीत स्वतः दुभंगून वाढते. म्हणून समुद्रातले न घेता कोणाच्या टाकीत वाढलेला तुकडा मागावा. ऑसेलारिस पुष्कळदा त्यात रमतो, पण रमेलच असे नाही. हॅडोनी लहान टाकीत आणू नये. ते इतर मासे धरून खाते.

निवडताना चार गोष्टी पाहाव्यात : रंग तपकिरी किंवा हिरवट असावा, तोंड मिटलेले असावे, तळाचा पाय फाटलेला नसावा, व दोरे चिकट असावेत. त्याच्या अंगातील सूक्ष्म शेवाळ प्रकाशावर अन्न बनवते. शेवाळ गेले की ते पांढरे पडते. म्हणून प्रखर दिवा अवश्य हवा. ते सरकत फिरते, तेव्हा पंपाच्या तोंडास जाळी बसवावी. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध त्या टाकीत कधीही घालू नये.

आणि मुख्य गोष्ट ही, की घरच्या टाकीत शत्रू नसल्याने विदूषक जोडी समुद्रफुलावाचून सुखाने राहते व अंडीही घालते. नर ती पंखांनी वारा घालून सांभाळतो. सहा ते दहा दिवसांनी अंधार पडल्यावर पिले बाहेर येतात. समुद्रफूल मात्र कमकुवत टाकीत तग धरत नाही, आणि मरताना सर्वांस घेऊन जाते. तेव्हा पहिले निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर, केवळ जोडीच सांभाळावी. मुलांनी दर आठवड्यास पाणी तपासून वहीत नोंद करावी. वही भरेपर्यंत पाणी स्थिर राहिले, तर समुद्रफूल आणण्यास हरकत नाही.