जुन्या तबकड्यांचा व्यापार : भंगाराच्या काट्यावरून परदेशी गिऱ्हाइकापर्यंत

कुर्ल्याच्या भंगार धंद्याची जुनी रीत अशी की, माल वजनावर यावा आणि वजनावरच जावा. लोखंड, पितळ, पुठ्ठा, प्लास्टिक यांच्या बाबतीत ही रीत योग्यच आहे. परंतु जुनी चाळ पाडली जाते, एखादे घर रिकामे होते, तेव्हा फेरीवाल्याच्या पोत्यातून ग्रामोफोनच्या तबकड्याही येतात आणि त्याही त्याच काट्यावर चढतात. कव्हर रद्दीत जाते, तबकडी प्लास्टिकच्या ढिगात जाते. ज्या वस्तूला परदेशात हौशी गिऱ्हाईक आहे, ती आपण किलोच्या भावाने मोडीत काढतो. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी या मालाकडे नव्या नजरेने पाहावे, म्हणून आज या विषयाची थोडी तपशीलवार माहिती देत आहोत.

हा माल घेतो कोण?

जुन्या गाण्यांचे शौकीन तर घेतातच. पण त्यांच्याखेरीज एक मोठा वर्ग आहे, तो म्हणजे टेक्नो नावाच्या नृत्यसंगीताच्या चाहत्यांचा. हे संगीत बहुतांशी शब्दांवाचून, यंत्रांच्या तालावर चालते. १९८०च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ते आकारास आले. जुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे कृष्णवर्णीय तरुण त्याचे आद्य प्रवर्तक मानले जातात. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. आपल्या कुर्ल्यात एकेकाळी प्रीमियर कंपनीची पद्मिनी बनत असे, तशा तेथे मोटारी बनत आणि पुढे तेथीलही कारखाने ओस पडत गेले.

या संगीताचा वादक दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून एकीचा ताल दुसरीच्या तालाला जुळवतो. म्हणून कॅसेट आणि सीडी आल्यावरही या मंडळींनी तबकडी सोडली नाही. बर्लिनमधील हार्ड वॅक्स हे या संगीताचे नावाजलेले दुकान १९८९ साली निघाले. आता तर तबकडीची आवड सर्वसामान्य श्रोत्यांतही परतली आहे. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाच्या पुढे गेले. असे १९८६ नंतर प्रथमच घडले.

मुंबईचे एक उदाहरण

या मंडळींना मुंबईच्या तबकड्यांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर चरणजित सिंग या नावात आहे. हे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक होते. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. जपानच्या रोलंड कंपनीची नवी यंत्रे जोडून त्यांनी त्यावर दहा राग वाजवले होते. त्या वेळी ही तबकडी फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली.

त्यांनी वापरलेल्या यंत्रांपैकी टीबी ३०३ हे यंत्रही बाजारात पडलेच होते. कंपनीने ते १९८४ मध्ये बंद केले आणि जुन्या मालाच्या दुकानांत ते स्वस्तात मिळू लागले. शिकागोच्या तरुणांनी असे जुने यंत्र घेऊन १९८७ साली 'ॲसिड हाऊस' म्हणून जगभर गाजलेला नवा आवाज काढला. पुढे २००२ साली हॉलंडचे संग्राहक एडो बाऊमन यांना दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंग यांची तबकडी सापडली. तोच आवाज मुंबईत पाच वर्षे आधी वाजला होता, हे पाहून ते चकित झाले. २०१० साली त्यांनी ती पुन्हा छापून प्रसिद्ध केली. उतारवयात चरणजित सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

यातला व्यापारी धडा असा : जी तबकडी खूप खपली ती आज मुबलक आहे, आणि जी पडून राहिली ती दुर्मीळ झाली. १९८१ची नाझिया हसन यांची 'डिस्को दीवाने' किंवा 'शोले'च्या संवादांची तबकडी घरोघरी होती, म्हणून तिची किंमत बेताची. उलट कलकत्त्याच्या रूपा विश्वास यांची १९८२ची 'डिस्को जॅझ' कोणाला ठाऊक नव्हती. तिचीही २०१९ साली अमेरिकेत पुन्हा छपाई झाली. म्हणून ओळखीचे नाव दिसले म्हणजे भाव आणि अनोळखी दिसले म्हणजे भंगार, हा हिशेब या धंद्यात चालत नाही.

माल कसा निवडावा?

प्रथम तीन जाती ओळखाव्यात. एका मिनिटात ७८ फेरे घेणारी जुनी, जड तबकडी लाखेच्या मिश्रणाची असते. ती हातातून पडली की फुटते. ३३ फेऱ्यांची १२ इंची एलपी आणि ४५ फेऱ्यांची ७ इंची लहान तबकडी या प्लास्टिकच्या असतात. नृत्यसंगीताच्या गिऱ्हाइकाला मुख्यतः यातील सत्तर-ऐंशीच्या दशकातील माल हवा असतो : डिस्को, वाद्यसंगीत, सिंथेसायझर, चित्रपटांचे पार्श्वसंगीत.

कव्हरवर वादकाचे वा वाद्याचे नाव असेल तर ती तबकडी बाजूला काढावी. तबकडीच्या मधल्या कागदावर अनुक्रमांक असतो आणि कागदालगतच्या गुळगुळीत पट्टीवर बारीक कोरलेला क्रमांक असतो. हे दोन्ही टिपून ठेवावेत. मूळ छपाई कोणती आणि अलीकडची पुनर्छपाई कोणती, हे गिऱ्हाईक याच आकड्यांवरून ठरवते. पुनर्छपाई ही मूळ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक होय.

खरा सौदा शब्दाचा

गिऱ्हाईक हजारो मैलांवर बसलेले असते. त्याला माल हातात घेता येत नाही, कानाने ऐकता येत नाही. तो आपल्या लिहिलेल्या शब्दावर पैसे पाठवतो. म्हणून मालाचा दर्जा लिहिणे हाच या व्यापाराचा प्राण आहे.

जगभर यासाठी ठरलेली श्रेणी आहे. अगदी न वापरलेली ती 'मिंट'. जवळजवळ नवी ती 'निअर मिंट'. किंचित खुणा असलेली, पण स्वच्छ वाजणारी ती 'व्हेरी गुड प्लस'. वाजताना खरखर ऐकू येते, पण संगीत झाकले जात नाही, ती 'व्हेरी गुड'. त्याखाली 'गुड' आणि शेवटी 'पुअर'. येथे आमचे बांधव हमखास फसतात. आपण भोळेपणाने 'गुड कंडिशन' लिहितो, कारण माल चांगला आहे. परंतु या बाजारात 'गुड' म्हणजे झिजलेली, खरखरणारी तबकडी! चांगला माल असून गिऱ्हाईक पाठ फिरवते. याच्या उलट, धुतल्यावर चकाकली म्हणून कोणी 'मिंट' लिहितो आणि मग पार्सल परत येते, पैसे परत करावे लागतात, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते.

चकाकीवर विश्वास ठेवू नये. आपल्याकडील बऱ्याच तबकड्या झिजलेल्या सुईवर वर्षानुवर्षे वाजलेल्या असतात. डोळ्यांना त्या नव्या दिसतात, कानाला आवाज फाटलेला लागतो. म्हणून एक बरे यंत्र आणि चांगली सुई घ्यावी व किमती तबकडी वाजवूनच श्रेणी द्यावी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. तबकडीची श्रेणी आणि कव्हरची श्रेणी वेगवेगळी लिहावी. पेनाने लिहिलेले नाव, दुकानाचा शिक्का, चिकटपट्टी, वाळवीचे भोक, जो ऐब असेल तो आधी सांगावा. ऐब सांगून विकलेला माल परत येत नाही. मनात शंका असेल तर एक पायरी खालची श्रेणी द्यावी.

सफाई आणि साठवण

मुंबईच्या पावसाळ्यात तबकडीवर बुरशी धरते. प्लास्टिकच्या तबकडीला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड पुरते. खाचेच्या दिशेने गोल पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये. परंतु ७८ फेऱ्यांच्या तबकडीला स्पिरिट कदापि लावू नये. आपल्या फर्निचरच्या पॉलिश कारागिरांना हे सांगायला नको. लाख स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून तर त्यांचे पॉलिश बनते. तेच स्पिरिट लाखेच्या तबकडीची खाच खाऊन टाकते.

एलपी नेहमी उभ्या ठेवाव्यात. आडवी थप्पी लावली की खालच्या दबतात. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात ठेवल्या तर वाकतात, आणि वाकलेली तबकडी पूर्ववत करणे कठीण.

बांधणी

परदेशी पार्सल वाटेत अनेकदा फेकले जाते, हे गृहीत धरूनच बांधावे. तबकडी कव्हरमधून बाहेर काढून, आतल्या पातळ पिशवीसह कव्हरच्या मागे ठेवावी. आतच राहिली तर धक्क्याने ती कव्हरची कड फाडते. दोन्ही एका प्लास्टिक पिशवीत घालावीत. दोन्ही बाजूंना लहरी पुठ्ठ्याचे तुकडे लावावेत, ते तबकडीपेक्षा थोडे मोठे असावेत, म्हणजे कोपऱ्याचा मार पुठ्ठा खाईल. एका तुकड्याच्या लहरी उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या ठेवल्या की पुठ्ठा वाकत नाही. लाखेच्या तबकडीसाठी खोक्यात खोके आणि मध्ये चहूबाजूंनी फोम हाच उपाय. कुर्ल्यात पुठ्ठ्याचा आणि खोक्यांचा माल हाताशी आहे, त्यामुळे येथे काटकसर करण्याचे कारण नाही.

कागदपत्रे

व्यापार म्हणून निर्यात करायची तर परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक काढावा. परदेशी टपालाचे मुंबईतील कार्यालय बॅलार्ड इस्टेट येथे आहे. खेरीज २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तेथे लहान व्यापाऱ्यास सीमाशुल्काचे कागद संगणकावर भरता येतात. मालाचे खरे वर्णन आणि खरी किंमत लिहावी. 'भेटवस्तू' असे खोटे लिहून जकात चुकवण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानू नये. पार्सल गहाळ झाले तर भरपाईही त्याच खोट्या किमतीवर मागावी लागेल.

गिऱ्हाइकाच्या देशातील करही आधी सांगावा. ब्रिटन व युरोपीय संघाने २०२१ मध्ये लहान पार्सलांची करमाफी काढून घेतली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला जकात माफ होती, तीही ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. हे नियम बदलत असतात, म्हणून माल पाठवण्यापूर्वी टपाल केंद्रात विचारून घ्यावे. पैसे बँकेच्या रीतसर मार्गानेच घ्यावेत.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवता येत नाही. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झाले आणि तेव्हापासूनच्या तबकड्या आता एकामागून एक शंभरी ओलांडत आहेत. अशी तबकडी हाती लागल्यास पुरातत्त्व खात्याचा अभिप्राय घेतल्याशिवाय ती पाठवू नये. तिला देशातच चांगले संग्राहक मिळतात.

हिशेब कसा मांडावा?

एका एलपीचे कव्हरसह वजन साधारण पाव किलो, बांधणीसह अर्धा किलो होते. चार तबकड्या एकत्र पाठवल्या तर वजन दीड किलोच्या आत राहू शकते. म्हणजे दर तबकडीमागचे भाडे कमी पडते. म्हणून गिऱ्हाइकाला एकाऐवजी चार घेण्यास सुचवावे आणि भाड्यातील बचत त्याला द्यावी. तो पुन्हा येईल.

समजा, शंभर तबकड्या वजनावर आल्या. त्यातील पन्नास वाजवण्यालायक नसतील, चाळीस स्थानिक शौकिनांना थोड्या नफ्यावर जातील, आणि परदेशी पाठवण्याजोग्या दहाच निघतील. किमती तबकडी रोज सापडत नाही. पैसा अडकतो, जागा अडते, धीर धरावा लागतो. म्हणून चालू धंदा सोडून कोणी यात उडी घेऊ नये. चालू धंद्याच्या कडेला ही एक पेटी ठेवावी, एवढेच आमचे सांगणे.

शेवटी फेरीवाल्याविषयी. माल त्याच्या पाठीवरून येतो. तबकड्या काट्यावर न चढवता त्याला नगावर दाम द्यावा, आणि एखादी चांगल्या किमतीला गेली तर त्यातले काही त्याच्या हातावर ठेवावे. मग तो तबकडी पोत्यात कोंबणार नाही, मोडणार नाही, आणि दुसऱ्या दारी नेणार नाही. गोदामातील एका होतकरू मुलाला श्रेणी लावणे, सफाई आणि बांधणी शिकवावी. हेही एक हुन्नरच आहे. मुंबईतून गेलेल्या पार्सलात लिहिले होते तेच निघाले, असे गिऱ्हाईक म्हणू लागले की एका दुकानाचे नाव सगळ्या बाजाराच्या कामी येते, आणि एकाने फसवले तर त्याची किंमतही सगळ्या बाजाराला मोजावी लागते.