वीजवाहिनीचा पहारेकरी

नाशिकजवळ एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे संच आहेत. जनित्रात १५,७५० व्होल्ट दाबाने निर्माण झालेली वीज रोहित्राच्या साहाय्याने २,२०,००० व्होल्टपर्यंत चढवतात आणि मनोऱ्यांवरील तारांतून दूर पाठवतात. अशा तारेवर आकाशातील वीज कोसळली किंवा झाडाची फांदी टेकली, की प्रचंड प्रवाह जमिनीकडे धाव घेतो. ती वाहिनी डोळ्याची पापणी लवण्याच्या आत तोडावी लागते. नाहीतर तारा व रोहित्रे जळण्याची भीती असते. तोडण्याचा हुकूम देतो रिले आणि तो अमलात आणतो सर्किट ब्रेकर.

पण बिघाड झाला हे रिलेला कळते कसे? नुसता प्रवाह वाढला म्हणून वाहिनी तोडून चालत नाही. शेतीपंप आणि कारखाने एकदम सुरू झाले तरी प्रवाह वाढतोच. म्हणून ‘अंतरमापक’ रिले दाब व प्रवाह दोन्ही मोजतो आणि दाबाला प्रवाहाने भागतो. ओहमच्या नियमातला हाच तो भागाकार!

एक ढोबळ उदाहरण घेऊ. वरील वाहिनीत प्रत्येक तारेचा जमिनीसापेक्ष दाब सुमारे १,२७,००० व्होल्ट असतो. एका संचाची सारी वीज तिच्यातून गेली, तर प्रवाह सुमारे ५५० अँपिअर होईल. भागाकार आला २३१ ओहम. आता समजा, बिघाड होऊन दाब ६०,००० व्होल्टवर घसरला व प्रवाह ३,००० अँपिअर झाला. भागाकार उरला अवघा २० ओहम! तारेच्या प्रत्येक किलोमीटरला ०.४ ओहम धरले, तर २० ÷ ०.४ = ५०. म्हणजे बिघाड ५० किलोमीटरवर आहे. पाहा, जागेवरून न हलता रिलेने बिघाडाचे ठिकाणही सांगितले.

रिलेचे सहसा तीन टप्पे असतात. पहिला टप्पा वाहिनीच्या सुमारे ८० टक्के लांबीपर्यंतचा. तेथील बिघाडावर हुकूम तत्काळ सुटतो. दुसरा टप्पा त्यापुढचा; तेथे रिले किंचित थांबतो. तिसरा टप्पा पुढच्या वाहिनीवरही नजर ठेवतो; तेथला रिले चुकला, तरच हा काम करतो.

पण या दूरदृष्टीतच धोका आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे मध्य प्रदेशातील बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर अतिरिक्त भार आला. दाब घसरला, प्रवाह वाढला आणि भागाकार तिसऱ्या टप्प्याच्या मर्यादेत शिरला. बिघाड नसताना रिलेने वाहिनी तोडली! तिचा भार इतर वाहिन्यांवर पडला, त्याही एकामागून एक तुटल्या आणि सारा उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग कोलमडले. महाराष्ट्र ज्यात येतो तो पश्चिम विभाग मात्र वाचला.

रिलेचे गणित बरोबर होते, अर्थ चुकला. यावर उपाय काय? बिघाडात प्रवाह दाबाच्या बराच मागे रेंगाळतो, नेहमीच्या भारात थोडाच. आधुनिक रिले भागाकाराबरोबर हा कोनही तपासतात. तोडावे केव्हा, याइतकेच तोडू नये केव्हा, हेही पहारेकऱ्याला कळले पाहिजे.

आता तुम्ही सांगा : वरील वाहिनी १०० किलोमीटर लांब आहे आणि रिलेने ३० ओहम मोजले. बिघाड कोठे आहे व कोणत्या टप्प्यात?