आकाशातील नारिंगी ढग

झाडाची पाने हलली की वारा कोणीकडे वाहतो, हे तुम्हांला कळते. पण शंभर किलोमीटर उंचीवरचा वारा कसा ओळखाल? हवामानाचे फुगे सुमारे तीस-चाळीस किलोमीटरपर्यंतच जातात. उपग्रह तर फारच उंचावरून फिरतात. मधल्या थरात प्रत्यक्ष जाऊन मोजमाप करते ते साउंडिंग रॉकेट. ते वर जाते, काही मिनिटे माहिती गोळा करते आणि खाली येते. या नावाचा आवाजाशी संबंध नाही. खलाशी दोरीला वजन बांधून समुद्राची खोली मोजत. त्या मोजणीवरून हे नाव पडले.

भारतात हे काम केरळमधील थुंबा या कोळ्यांच्या गावी सुरू झाले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते. तेथे सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा जोरदार प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास करण्यासाठी डॉ. विक्रम साराभाई यांनी ही जागा निवडली. गावकऱ्यांनी आपली घरे आणि आपले चर्च या कामासाठी दिले. चर्चमध्येच रॉकेटची जुळणी होऊ लागली. रॉकेटचे भाग कधी सायकलवरूनही नेले जात.

२१ नोव्हेंबर १९६३ चा दिवस उजाडला. रॉकेट अमेरिकेचे होते, त्यातील सोडिअमचे उपकरण फ्रान्सचे. उड्डाणाची वेळ जवळ आली आणि रॉकेट उचलणारी क्रेन बिघडली. दुरुस्तीला वेळ नव्हता. तरुण अभियंते ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि त्यांच्या सोबत्यांनी हातांनी जोर लावून रॉकेट जागेवर बसवले.

सूर्य मावळल्यावर रॉकेट झेपावले. वर जाऊन त्याने सोडिअमची वाफ सोडली. जमिनीवर अंधार पडत होता, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन होते. त्या उन्हात वाफ नारिंगी रंगाने चमकू लागली. वेगवेगळ्या ठिकाणांहून तिची छायाचित्रे घेतली, की ढग किती सरकला ते मोजता येते. त्यावरून तेथील वाऱ्याचा वेग आणि दिशा समजते. न दिसणारा वारा असा दिसू लागला!

२० नोव्हेंबर १९६७ रोजी भारतात तयार झालेले 'रोहिणी-७५' हे रॉकेट थुंबाहून उडाले. त्याची जाडी होती अवघी ७५ मिलिमीटर. ते चर्च आता अवकाश-संग्रहालय झाले आहे. मित्रांनो, मोठ्या कामाची सुरुवात लहान असली तरी चालते. ती करणारे हात मात्र हवेत.

स्वाध्याय
१. थुंबा हे गाव का निवडले?
२. सोडिअमची वाफ सूर्यास्तानंतरच का सोडली असेल?