तार लावण्याआधी खुर्ची ठरवा

मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी येतात. भाचीचे पुढे आलेले दात बघून कुणीतरी म्हणतं, हिला चार दिवस आमच्याकडे पाठवा, ओळखीच्या डॉक्टरकडे तार लावून देतो. तार लागते, जूनमध्ये शाळा सुरू होते आणि मुलगी मालवणला परतते. पुढची भेट एकदम दिवाळीत. तोवर दातांवर चिकटवलेल्या दोन चौकटी निखळलेल्या असतात, तार गालाला टोचत असते आणि दात होते तिथेच असतात.

तार बसवायला तास-दोन तास पुरतात. खरं काम पुढची दीड ते दोन वर्षं, दर चार-सहा आठवड्यांनी चालतं. दाताच्या मुळावर हलका, सततचा दाब राहिला की एका बाजूचं हाड झिजतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरतं. अशा रीतीने दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. इथे घाई चालत नाही आणि खंडही परवडत नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या घरांसाठी ही कृती थोड्या वेगळ्या क्रमाने लिहिली आहे.

१. सातव्या वर्षी घरीच तपासा

मुलाला खिडकीच्या उजेडात उभं करा. मागच्या दाढा एकमेकींवर टेकवायला सांगा आणि बोटांनी ओठ हलकेच बाजूला करा. खालचे पुढचे दात वरच्यांच्या बाहेर येतात का? दाढा मिटताना हनुवटी एका बाजूला सरकते का? दाढा टेकल्या तरी पुढे फट राहून जीभ बाहेर डोकावते का? मूल रात्री तोंड उघडं टाकून झोपतं का, अंगठा चोखतं का? यातलं काही दिसलं तर सातव्या-आठव्या वर्षीच दंतवैद्याला दाखवा. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. नाकामागची गाठ वाढलेली असेल तर ती तशीच ठेवून दात सरळ करण्यात अर्थ नसतो.

उलट, वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये सातव्या ते अकराव्या वर्षापर्यंत दिसणारी फट बहुधा निरुपद्रवी असते. बाराव्या वर्षाच्या सुमारास वरचे सुळे उतरले की ती आपोआप मिटते. एवढ्यासाठी कुणी तार सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

‘दुधाचे दात ते, पडतलेच’ हे घराघरात ऐकू येणारं वाक्य सर्वांत महाग पडतं. दुधाची दाढ खालून येणाऱ्या दातासाठी जागा राखून असते. ती किडून आठव्या वर्षीच काढावी लागली, तर सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकते आणि मागाहून येणाऱ्या उपदाढेला वाट उरत नाही. दाढ भरून घ्या. काढणं भाग पडलंच तर त्या जागी ‘स्पेस मेंटेनर’ ही छोटी तारेची कमान बसवून मागा. पुढच्या मोठ्या उपचाराच्या मानाने तिचा खर्च किरकोळ असतो.

२. खुर्ची ठरवा

दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेला डॉक्टर तो. पाटीवर नुसतं ‘दंतवैद्य’ असेल तर तार कोण लावणार हे सरळ विचारा. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी अशा गावांतल्या दवाखान्यांत बाहेरचे तज्ज्ञ महिन्यातून ठरलेल्या दिवशी येत असतील, तर मालवण-वेंगुर्ल्याच्या घरांना ती सोय सर्वांत बरी. मात्र मधल्या दिवसांत तार टोचली तर कोण बघेल, याचं उत्तर आधीच घेऊन ठेवा.

खर्च आवाक्यात ठेवायचा असेल तर दंत महाविद्यालय बघा. आजारपणात ‘बांबोळीक’ जाणं आपल्याला नवं नाही. गोवा दंत महाविद्यालयही तिथेच, मेडिकल कॉलेजच्या शेजारी आहे. बेळगावात केएलईचं दंत महाविद्यालय आहे. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी आणि मुंबई सेंट्रलला नायरचं. अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. प्रत्येक भेटीत अर्धा दिवस जातो, पण काम बहुधा नीट होतं. दोन गोष्टी नोंदणीच्या खिडकीवरच विचारा: बाहेरच्या राज्यातल्या रुग्णाला दर वेगळा आहे का, आणि आपला विद्यार्थी-डॉक्टर पास होऊन गेला तर पुढे कोण बघणार.

घाटावरचा डॉक्टर निवडणार असाल तर जुलै-ऑगस्टचा विचार करा. आंबोली किंवा करूळच्या घाटात दरड आली की भेट हुकते. मासेमारी करणाऱ्या घरांना १ जून ते ३१ जुलैची बंदी सोयीची असते. तपासण्या, एक्स-रे, दात काढणं ही सगळी फेऱ्यांची कामं त्या दोन महिन्यांत उरकून घ्यावीत.

३. नोंदी आणि लेखी आराखडा

पहिल्याच भेटीत तार लावून देणाऱ्या डॉक्टरपासून जपून. आधी जबड्याचा पूर्ण एक्स-रे (ओपीजी), बाजूने काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे, दातांचे साचे आणि फोटो व्हायला हवेत. मग कागदावर लिहून घ्या: दात काढावे लागतील का आणि कोणते, किती महिने लागतील, एकूण पैसे किती व हप्ते कसे, तार काढल्यावर घालायचा रिटेनर त्यात धरला आहे का. गर्दी फार असली तर चार उपदाढा काढाव्या लागतात. ऐकून घाबरू नका, पण कारण विचारा. या नोंदींची एक प्रत घरी ठेवा. मधेच गाव बदललं तर नवा डॉक्टर त्यावरूनच पुढचं काम करतो.

४. वयाप्रमाणे उपाय

सात ते दहा वर्षांत सगळ्या दातांना तार क्वचितच लागते. अंगठ्याची सवय मोडणारी पट्टी, अरुंद टाळू रुंद करणारा स्क्रू, वरचा जबडा मागे राहिला असेल तर रात्री चेहऱ्यावर बांधायचा मास्क, अशी आटोपशीर कामं या वयात होतात. टाळूच्या मधली सांध कोवळी असते, ती पंधराव्या वर्षाच्या आसपास घट्ट होत जाते. तोवर स्क्रूने भागतं, नंतर प्रकरण अवघड होतं.

खालचा जबडा मागे असलेल्या मुलांसाठी उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मोलाचा. मुलींत तो साधारण दहा ते बारा, मुलग्यांत बारा ते चौदा. तेव्हा ‘ट्विन ब्लॉक’सारखी काढता-घालता येणारी जोडी दिली जाते. ती जेवणाच्या डब्याजवळ विसरण्यातच अर्धं अपयश असतं, आणि समुद्रात पोहताना घातली तर ती समुद्रालाच मिळते. पोहायच्या आधी काढून डबीत ठेवा.

पूर्ण तार बाराव्या-तेराव्या वर्षी, सुळे उतरल्यावर. सातवीच्या मे महिन्यात सुरुवात केली तर दहावीचं वर्ष बहुधा मोकळं राहतं. धातूची तार सर्वांत स्वस्त आणि दणकट. सिरॅमिकची कमी दिसते, महाग असते आणि तिच्यावरचे पारदर्शक रबर हळदीच्या कालवणाने दोन दिवसांत पिवळे पडतात. आपल्या जेवणाला धातूच बरी, असं माझं मत.

मोठेपणीही दात सरकतात, चाळिशीतसुद्धा. फक्त जबडा वाढत नाही. दोष हाडाचाच असेल तर वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया जोडावी लागते. तार लावण्याआधी हिरड्या नीट करून घ्या, मिशेरी आणि तंबाखू बंद, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात. सुजलेल्या हिरडीत दात सरकवला तर तो हलायलाच लागतो. लग्न ठरल्यावर ‘चार महिन्यांत करून द्या’ म्हणणाऱ्यांना प्रामाणिक डॉक्टर नाही म्हणतो. तारकर्लीत स्कूबाचे गाइड असाल तर श्वासाची नळी दातांत धरता हे डॉक्टरांना सांगा.

जहाजावर सहा-सहा महिने जाणाऱ्यांना तारेपेक्षा पारदर्शक अलाइनर सोयीचे पडू शकतात. पुढचे संच बरोबर देता येतात. पण रोज वीस-बावीस तास घालायचे, जेवताना काढायचे आणि दात घासून पुन्हा घालायचे. ज्याला हे जमणार नाही, त्याने पैसे वाया घालवू नयेत. डॉक्टरांनी तोंड न बघताच टपालाने येणारे अलाइनर तर घेऊच नका. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी असेच अलाइनर विकत होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले रुग्ण वाऱ्यावर राहिले.

दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेल्या मुलाची गोष्ट निराळी. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ते मूल दाखवाच. २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच सुरू झालेल्या या योजनेत हा दोष धरलेला आहे.

५. तार लागल्यावर

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. पेज, कुळथाची पिठी आणि मऊ भात, रसातले शिरवाळे, आंबोळी यांवर राहा. नंतर सगळं खा, पण कुर्लीचा आकडा दातांनी फोडायचा नाही, खाजा नाही, ऊस नाही, भाजलेल्या आठळ्या नाहीत. कैरी-पेरू कापून. आंबापोळी आणि फणसपोळी तारेत चिकटून बसतात. दोन वर्षं त्या पाहुण्यांना द्या. पेडव्यांसारखी काटेरी मासळी खाल्ली तर आरशासमोर उभं राहून काटे काढावे लागतील, हे धरून चाला.

प्रत्येक जेवणानंतर ब्रश, आणि तारेखालून जाणारा बारीक ब्रश रात्री एकदा तरी. आळस केला तर तार काढल्यावर चौकटीभोवती पांढरे डाग उरतात, ते सहसा पूर्ण जात नाहीत.

तार टोचली तर दवाखान्यातून मिळालेलं मेण लावा किंवा स्वच्छ चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच दाबा. चौकट सुटली तर ती जपून ठेवा आणि फोन करा. गिळली गेली तर बहुधा पोटातून निघून जाते. खोकला किंवा धाप लागली तर मात्र थेट रुग्णालय गाठा.

६. रिटेनर

तार काढली की लोक पेढे वाटतात आणि डॉक्टरकडे जायचं थांबवतात. नेमकं तेव्हाच दात जुन्या जागेकडे परतायला लागतात. पहिले सहा महिने बहुधा दिवसरात्र आणि मग वर्षानुवर्षं रात्री रिटेनर घालावा लागतो. तो गरम पाण्यात धुऊ नका, वाकडा होतो. लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून पानाशेजारी ठेवू नका; उष्ट्याबरोबर जातो. हरवलाच तर त्याच आठवड्यात नवा करून घ्या. उशीर केला तर जुन्या मापाचा रिटेनर बसणार नाही आणि पुन्हा तारेचा खर्च पडेल.