मासा घाबरलाय, हे मोजतात कसं?



पिशवीतली बोटुकली पिंजऱ्यात सोडली की सरळ तळ गाठते आणि कोपऱ्यात गोळा होते. आपण म्हणतो, "बिचकली." प्रयोगशाळेत हेच बिचकणं घड्याळ लावून मोजतात. आजच्या अभ्यासात ते समजून घेऊ.

या कामाला बहुतेक वेळा झेब्राफिश वापरतात. जेमतेम ४ सेंटिमीटरचा, अंगावर निळे पट्टे, मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतही त्याच्यावर संशोधन चालतं.

चाचणी साधी आहे. एकट्या माशाला अनोळखी टाकीत सोडतात आणि साधारण ६ मिनिटं बाजूने चित्रण करतात. मग मोजतात:

१. वरच्या अर्ध्या भागात पहिल्यांदा यायला किती सेकंद लागले?
२. एकूण किती वेळ वर राहिला?
३. किती वेळा जागीच थिजला? (फक्त डोळे आणि कल्ले हलतात)
४. किती वेळा सैरावैरा पळाला?

भीती ओसरली की मासा हळूहळू वर येऊन फिरू लागतो. जास्त घाबरलेला तळालाच राहतो. खात्रीसाठी कॉर्टिसॉलही तपासतात. ताण आला की माणसाच्या अंगात वाढतं तेच हे संप्रेरक. शिवाय, न छेडलेल्या माशांची तशाच टाकीत, तशाच पाण्यात चाचणी घेऊन तुलना करतात. एकट्या खुणेवर निकाल देत नाहीत.

आपल्याला याचा उपयोग काय? ताणलेला मासा खाणं सोडतो, रोगाला लवकर बळी पडतो. सोडताना धडधाकट दिसलेल्या बीजाची मरतूक दोन-तीन दिवसांनी दिसू शकते आणि पैसे पाण्यात जातात. बोटीवरही तेच. खूप तडफडून मेलेला मासा लवकर ताठरतो आणि लवकर मऊ पडतो. म्हणून तडफड कमी होऊ द्या, बर्फ लगेच घाला.

बीज सोडताना बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग तिच्यात थोडं थोडं तळ्याचं किंवा खाडीचं पाणी मिसळा. सोडल्यावर घड्याळ बघा: मासे किती मिनिटांनी पांगले, खाद्य कधी घेतलं? प्रत्येक खेपेला वहीत लिहा. चार खेपांच्या नोंदी झाल्या की कुठल्या खेपेचं बीज जास्त ताणलेलं होतं, हे शेजारी शेजारी ठेवून दिसेल.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रत्येक जातीची सवय वेगळी, म्हणून चोणकाची तुलना चोणकाशीच करा. आणि वर आलेला मासा नेहमी निवांत असतो असं नाही. प्रयोगशाळेतल्या पाण्यात प्राणवायू पुरेसा असतो. आपल्याकडे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर प्राणवायू कमी पडलाय. तेव्हा वहीत लिहिण्याआधी एरेटर चालू करा.

तुमच्या नोंदी खाली जरूर लिहा. इतरांनाही उपयोग होईल.